दवाखान्याचा नवा नंबर

१

मयूरी गेली ती नऊ फेब्रुवारीला, रविवारी, सकाळी साडेआठच्या सुमाराला. पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी तांबडवाडीला आलेली. पहाटे मुलगी झाली, मुलगी रडली, अंबूबाई सुईणीनं नाळ कापली, आणि मग आईचं रक्त काही केल्या थांबेना. तालुक्याचा दवाखाना चौदा किलोमीटरवर. फोन गेला की दवाखान्याची गाडी पाऊण तासाच्या आत येते, असा गावाचा अनुभव. त्या दिवशी गाडी आली नाही. दवाखान्यातली माणसं शपथेवर सांगत होती की फोन वाजलाच नाही. आणि गावातला एकुलता एक फोन जिच्या घरी होता, ती लीलाबाई सांगत होती की तिनं दीड तास रिसीव्हर खाली ठेवला नाही.

दोघांतलं एक कुणीतरी खोटं बोलत होतं. सांगलीच्या टेलिफोन कार्यालयात तरी सगळ्यांनी तसंच धरलं होतं, आणि खोटं कोण हेही ठरवून टाकलं होतं.

"मीटर बघा," पुष्कर लिमये म्हणाला. तिशीतला साहेब, सांगलीतच वाढलेला, कामाला चोख. त्यानं फाईल आम्रपाली होवाळच्या टेबलावर ठेवली. "तांबडवाडीच्या फोनचं नऊ तारखेचं रीडिंग शून्य आहे. बाईनं फोन लावलाच नाही. झोपली असेल, घाबरली असेल, देव जाणे. तुम्ही जाऊन जबाब घ्या, फोन काढून घेत असल्याचं पत्र तिच्या हातात द्या आणि विषय मिटवा."

आम्रपालीनं फाईल उघडली. वरचा कागद मयूरीच्या नवऱ्याचा होता. प्रशांत, कुंडलच्या शाळेत मास्तर. अक्षर वळणदार, पण शेवटच्या ओळीला पेन कागदात रुतलेलं. 'माझ्या पत्नीच्या मरणाला ही बाई जबाबदार आहे.' त्याखाली दुसरा एक अर्ज होता, मयूरीच्या वडिलांचा. नानासो जगदाळे, तांबडवाडीचे सरपंच. फोन लीलाबाईच्या घरातून हलवून आपल्या घरी द्यावा, अशी मागणी.

"सरपंचांनी आपल्याला सावध केलं होतं," लिमये म्हणाला. "आपण लक्ष दिलं नाही. आता त्यांचीच मुलगी गेली. वर गंमत बघा, जावई चौकशी मागतोय आणि सरपंच काल इथं येऊन सांगून गेले, की पोर काही परत यायची नाही, प्रकरण वाढवू नका."

आम्रपालीला लीलाबाईचा आवाज माहीत होता. चेहरा मात्र तिनं कधी पाहिला नव्हता.

२

साताऱ्याला ट्रेनिंग घेतल्यापासून नऊ वर्षं आम्रपाली कवठे महांकाळच्या जुन्या एक्स्चेंजमध्ये बोर्डावर बसत होती. भोवतालच्या ज्या गावांना तारा ओढणं जमलं नाही, त्यांना खात्यानं वायरलेसवर चालणारे सार्वजनिक फोन दिले होते. लोखंडी उंच खांब, त्याच्या टोकाला ॲन्टेना, खाली सौर पॅनेल आणि बॅटरी. तेव्हा नंबर तीन आकडी होते, पण ते कुणी सांगतच नसे. रिसीव्हर उचलला की कानात आम्रपालीचा आवाज यायचा, आणि पलीकडून माणूस म्हणायचा, "बाई, दवाखाना द्या." ती द्यायची. दवाखान्यात कुणी उचललं नाही तर डॉक्टरच्या घरी द्यायची. तिथंही नाही तर पोलिसांना सांगून माणूस पाठवायची.

एक फेब्रुवारी सत्त्याण्णवला नवं इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज सुरू झालं. तीन आकड्यांच्या मागं 'बावीस' लागलं, नंबर पाच आकडी झाले. दवाखान्याचा दोनशे चौदा होता, तो बावीस दोनशे चौदा झाला. बोर्ड गेला, आणि आम्रपालीची बदली सांगलीला तक्रारींच्या टेबलावर झाली. गावोगावच्या सार्वजनिक फोनशेजारी चिकटवायचा नव्या नंबरांचा तक्ता तिनंच तयार केला होता. बटणांवर इंग्रजी आकडे, म्हणून तक्त्यातही इंग्रजीच. स्टेन्सिलवर हातानं कोरलेले, मोठे, सुटे आकडे. 'यापुढे ऑपरेटरची आवश्यकता नाही' ही तळाची ओळही तिचीच.

तांबडवाडीला एसटीतून उतरल्यावर माळाच्या टोकावरचा खांब लगेच दिसला. गाव खाली, ओढ्याच्या कडेला. बौद्ध वस्ती वर, उघड्या माळावर. वायरलेसला तालुक्याचा मनोरा समोर दिसावा लागतो, आणि तो दिसायचा फक्त वरून. म्हणून फोन वरच्या वस्तीत, पलटणीतून पेन्शनीवर येऊन वारलेल्या जवानाच्या विधवेकडे. खालच्या माणसाला मुंबईतल्या पोराशी बोलायचं तर चढण चढून लीलाबाईच्या ओसरीवर बसावं लागायचं.

घराच्या दारावर शेण फेकल्याचे डाग होते. कौलं दोन ठिकाणी फुटलेली.

"होवाळ बाई?" लीलाबाईनं बोलण्यावरनंच ओळखलं. पन्नाशीची, सडसडीत, कपाळ मोकळं. तिच्या तोंडावर हसू उमटलं आणि तिथंच विझलं. "तुमी असता तर ती पोर वाचली असती."

आम्रपाली ओसरीवर बसली. तिनं वही काढली. "मावशी, त्या दिवशी काय झालं ते पहिल्यापासून सांगा."

"साडेपाच वाजलं असतील. गोदावरी आली पळत, अनवाणी. सरपंचाची बायको, आपल्या पायानं हितं कवा आली न्हवती. म्हनाली, 'लीला, माझी मयू जाती गं.' मी फोन उचलला, कागदावर बघून आकडं दाबलं. घंटी वाजाय लागली. वाजतच ऱ्हायली. कुनी उचलंना. ठिवला, पुन्ना लावला. किती येळा लावला त्याला गनतीच न्हाई."

"दुसरीकडं नाही लावलात? पोलिसांना, एसटी स्टँडवर?"

"घंटी वाजत हुती बाई. वाजती म्हटल्यावर आता उचलंल, मग उचलंल, असंच वाटायचं. आनि सात वाजता बॅटरी बसली. समदं मुकं झालं."

"गाडीचं काय? सरपंचांची जीप होती ना?"

"जीप घिऊन सरपंच शुक्रवारपासनं सांगलीला. बाळंतपनाला पंधरा दीस हायेत म्हनून गेलं व्हतं. आलं ते रविवारी दुपारी. तवर संपलं हुतं."

आम्रपालीनं वहीत लिहिता लिहिता मीटरचा विचार केला. मीटर पुढं सरकतो तो पलीकडून फोन उचलला तरच. नुसती घंटी वाजली तर काट्याला त्याचा पत्ताही लागत नाही. लिमये पुस्तकं शिकून आलेला, त्यानं शून्य बघितलं आणि निकाल दिला. ते शून्य लीलाबाईच्या विरुद्ध नव्हतं. पण बाजूनंही नव्हतं.

बॅटरी अजून उतरलेलीच होती. आम्रपालीनं तो मुका फोन ओढून लीलाबाईच्या पुढ्यात ठेवला आणि भिंतीवरच्या तक्त्याला पाठ करून तिला बसवलं.

"कागदाकडं बघू नका. डोळे मिटा आणि त्या दिवशी दाबलंत तसं दाबा."

लीलाबाईचं बोट उचललं. वरच्या ओळीत मधलं बटण, तीनदा. मग बोट सरळ खाली डावीकडं उतरलं आणि शेवटी एक पायरी वर आलं. दोन, दोन, दोन, सात, चार.

"पुन्हा."

पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

बावीस दोनशे चौऱ्याहत्तर. लीलाबाई चुकली होती. दीड तास, ठामपणे, एकच चुकीचा नंबर लावत बसली होती.

"मावशी, दवाखाना बावीस दोनशे चौदा आहे."

"मी कागदावर होतं तेच दाबलं," लीलाबाई म्हणाली. आवाज चढला नाही. "मला वाचाय येत न्हाई, पर आकडा येतो. पलटनीतल्या मानसानं शिकवलाय. एक आन् सात मला कळत न्हाई व्हय?"

आम्रपाली भिंतीपाशी गेली. तक्त्यावर दवाखान्यापुढं स्वच्छ बावीस दोनशे चौदा होतं. कुठं खाडाखोड नाही, शाईचा डाग नाही. ती वळणार, तेवढ्यात तिनं ओळी मोजल्या. दवाखाना, पोलीस, तहसील, एसटी स्टँड, गुरांचा दवाखाना, वीज कार्यालय.

सहा ओळी.

हा कागद नऊ तारखेला या भिंतीवर असणं शक्यच नव्हतं.

३

पहिला तक्ता पाच ओळींचा होता, हे आम्रपालीइतकं नक्की दुसरं कुणी सांगू शकलं नसतं. वीज कार्यालयाची लाईन नव्या एक्स्चेंजला जोडली गेली अकरा तारखेला. त्याच दिवशी तिनं नवी स्टेन्सिल कोरून सहा ओळींची दुसरी खेप काढली होती. मयूरीला जाऊन तेव्हा दोन दिवस झाले होते.

म्हणजे कुणीतरी पहिला कागद भिंतीवरून काढला होता आणि दुसरा लावला होता. चांगला कागद काढून चांगला लावायला कोण कशाला जाईल?

"मावशी, नऊ तारखेनंतर या खोलीत कोण आलं?"

"पोलीस आलं. चौदा तारखेला मला जबाबाला तालुक्याला नेलं, खोलीला कुलूप घातलं. किल्ली सरपंचाकडं दिली पंचनाम्यासाठी. संध्याकाळी मी आल्यावर मिळाली. तवापासनं मी ह्या फोनकडं बघितल्यालं न्हाई."

"आणि नऊ तारखेच्या आधी? तक्ता लावल्यापासून?"

"लावला नाथाजीनं, एक तारखेला. मंग लय जन आलं. बोलाय येत्यात, कागद बघत्यात. गुरुवारी सरपंच आलं हुतं. नवं नंबर बघतो म्हनाले. मी पानी आनाय आत गेले. प्यालं न्हाईत."

नाथाजी लाईनमन होता. आम्रपालीच्या मनात पहिला संशय त्याचाच आला. कदाचित त्याच्याच हातून पहिल्या कागदावर काही खराबी झाली असेल, आणि पोर गेल्यावर नोकरीच्या भीतीनं त्यानं कागद बदलला असेल. त्याच्याकडं शिडी होती, खात्याची बॅग होती, माळावर त्याला कुणी हटकलं नसतं.

आधी ती कवठे महांकाळला गेली. बावीस दोनशे चौऱ्याहत्तर हा नंबर एका बेदाणा गोदामाच्या ऑफिसचा निघाला. ऑफिसला रविवारी कुलूप. राखणदार केरबा बाहेर पोत्यावर बसून तंबाखू मळत होता.

"नऊ तारीख?" तो म्हणाला. "तारीख न्हाई सांगता येनार. पर एका ऐतवारी पहाटं आत फोन लय वाजला बघा. थांबायचा, वाजायचा. थांबायचा, वाजायचा. किल्ली मालकाकडं, मी काय करनार? दारूडा असंल कुनीतरी, म्हटलं. सात वाजता बंद झाला." मग त्यानं हात थांबवला. "का वो बाई? कुनाचा हुता?"

आम्रपालीनं सांगितलं. केरबानं मळलेली तंबाखू तशीच खाली सोडून दिली.

लीलाबाई खोटं बोलली नव्हती. दवाखानाही खोटं बोलला नव्हता. दोघांच्या मधे एक कागद होता.

दवाखान्यात तिनं गाडीची नोंदवही मागितली. चार तारीख, मंगळवार: 'तांबडवाडी, फोनवरून, विंचूदंश, गाडी रवाना.' एक्स्चेंजच्या यादीतही चार तारखेला तांबडवाडीहून दवाखान्याला लागलेला एक फोन होता. त्या महिन्यातला दवाखान्याला लागलेला तो एकमेव. बेदाण्याच्या ऑफिसला तांबडवाडीहून एकही नव्हता; कामाच्या दिवशी कुणी चुकून तो नंबर लावला असता तर तिथं उचलला गेला असता आणि यादीत आला असता. म्हणजे चार तारखेला कागद बरोबर होता, नाथाजीनं तो बरोबर लावला होता. बिघडला तो चार आणि नऊच्या मधे.

नाथाजी तिला सांगलीत सापडला, एका खाजगी दवाखान्याच्या कॉटवर. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर.

"पाच तारखेला ढालगावच्या खांबावरनं पडलो," तो म्हणाला. "तवापासनं हितंच. तुमची ती दुसरी खेप आली असं ऐकलं, पर मी हात लावल्याला न्हाई. माझी गावं तशीच ऱ्हायली असतील."

"तुमच्या गावांना दुसरी खेप गेलीच नाही?"

"कोन नेनार? लिमये साहेब म्हनालं, तेरा तारखेला तहशिलात सरपंचांची बैठक हाय, तिथंच सरपंचांच्या हातात दिऊ."

खिडकीबाहेर टांग्याच्या घोड्याच्या टापा वाजत गेल्या. सरपंचांच्या हातात. तेरा तारखेला तक्ता, चौदा तारखेला किल्ली.

पण तो तर बाप होता. बाप असं काही करेल, हे तिच्या मनाला पटेना. कार्यालयात परत येऊन तिनं फाईल पुन्हा उघडली आणि सरपंचांचा अर्ज यावेळी शेवटपर्यंत वाचला. 'सदर बाईस नवीन पाच आकडी नंबर लावता येत नाहीत. दवाखान्याला फोन लागत नाही. गावाची गैरसोय होत आहे.'

तिनं आवकचा शिक्का पाहिला. सात फेब्रुवारी, शुक्रवार.

चार तारखेला दवाखान्याला फोन लागला होता. नऊ तारखेला लागला नाही. या दोन्हींच्या मधे, सात तारखेपर्यंत, तांबडवाडीतून दवाखान्याला कुणीच फोन लावला नव्हता. मग तो लागत नाही, हे नानासोंना सात तारखेला कुठून कळलं?

४

तेरावं होऊन तीन दिवस झाल्यावर ती पुन्हा तांबडवाडीला गेली. लिमयेला सगळं सांगितलं होतं. त्यानं चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला. "मीटरचं माझ्या लक्षात यायला हवं होतं," एवढंच तो म्हणाला, आणि पोलिसांना पत्र लिहायला घेतलं. पण पोलीस यायच्या आधी आम्रपालीला त्या माणसाला एकदा भेटायचं होतं.

नानासो सोप्यात बसले होते. दाढी वाढलेली, पटका बाजूला पडलेला. प्रशांत समोरच्या खुर्चीवर होता. तेराव्याला आलेला, अजून गेला नव्हता. मुलगी पलूसला त्याच्या आईपाशी होती. नानासोंनी नातीचं तोंड अजून पाहिलं नव्हतं, हे आम्रपालीला सुईणीकडून कळलं होतं.

"निकाल लागला का?" प्रशांतनं विचारलं. "त्या बाईवर केस होणार ना?"

"लीलाबाईंनी दीड तास फोन लावला," आम्रपाली म्हणाली. "तिकडं घंटी वाजलेली ऐकणारा साक्षीदार आहे. पण फोन दवाखान्यात वाजत नव्हता. भिंतीवरच्या कागदावर दवाखान्याचा नंबर कुणीतरी बदलला होता. इंग्रजी एकाच्या डोक्यावर एक आडवी रेघ मारली की सात होतो."

नानासो जमिनीकडं बघत होते. तिनं अर्ज काढला, शिक्क्याची बाजू वर करून त्यांच्यापुढं धरला.

"आबा, हा तुमचा अर्ज. सात तारखेचा. दवाखान्याला फोन लागत नाही, असं तुम्ही यात लिहिलंय. त्या तारखेपर्यंत कुणीच लावून बघितला नव्हता. तुम्हाला कसं कळलं?"

प्रशांतनं अर्ज हातात घेतला. वाचला. पुन्हा वाचला. मास्तर माणूस, तारखांचा हिशेब त्याला समजावून सांगावा लागला नाही. "आबा," तो म्हणाला, "काहीतरी बोला."

बाहेर कोंबड्या उकिरडा उकरत होत्या, त्याचा आवाज आत येत होता.

"दोन वर्सं," नानासो म्हणाले. "दोन वर्सं मी अर्ज करतूय. गावचा फोन गावात पायजे. मानसं वर चढून जात्यात, तिच्या ओसरीवर बसत्यात, तिच्या हातचं पानी पित्यात. सरपंच मी, आन् मला पोराला फोन लावायचा तर तिच्या दारात हुबं ऱ्हावं लागतं. तुमचं साहेब म्हनायचं, खाली वायरलेस पकडत न्हाई. मला वाटायचं, निमित्त सांगत्यात." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "नवं नंबर आलं. म्हटलं, एक रेघ मारावी. आठ दीस फोन लागनार न्हाई, मानसं वरडतील, तिला आकडं येत न्हाईत म्हनून फोन निघंल. एवढंच. कुनाला घाई असती तर मी सांगितलाच असता खरा नंबर. मी हितंच असतो की."

"तुम्ही इथं नव्हता," आम्रपाली म्हणाली.

"न्हवतो."

"आणि घरात रक्त वाहत असताना नंबर विचारायला त्यांनी तुम्हाला कुठं शोधायचं होतं?"

प्रशांत उठला. तो हात उगारेल असं आम्रपालीला वाटलं, पण त्यानं अर्जाची घडी घातली, घडीवर घडी घातली, आणि ती तिच्या हातात दिली. "मी त्या बाईच्या दारावर शेण फेकणाऱ्यांना अडवलं नाही," तो म्हणाला. "उभा राहून बघितलं."

आतल्या खोलीचं दार उघडं होतं. उंबऱ्यात गोदावरी उभी होती. केव्हापासून, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या रविवारनंतर ती कुणाशी बोलली नव्हती. पोलिसांनी जबाबाला बोलावलं तेव्हा नानासोंनीच सांगितलं होतं, की तिला शुद्ध नाही, तिला विचारू नका. बाईमाणसाला दुःखात छळू नये म्हणून पोलिसांनीही विचारलं नव्हतं.

"मी हुते तितं," गोदावरी म्हणाली. "लीला आकडं दाबत हुती. मी कागदाकडं बघत हुते. सगळा येळ त्या कागदाकडंच बघत हुते. मला काय कळतंय त्यातलं?" तिनं नवऱ्याकडं पाहिलं. "तुमी आलासा, मी सांगितलं, लीलानं लय लावला, लागलाच न्हाई. तवा तुमच्या ध्यानात आलं."

"व्हय."

"आन् तरी तुमी त्या बाईला शिव्या घालू दिल्या."

"गोदे..."

"कागद कुठं हाय?"

नानासो उठले. देव्हाऱ्याखालच्या ट्रंकेतून त्यांनी एक घडी काढली. पाच ओळींचा तक्ता, कोपऱ्यांना अजून भिंतीचा चुना. दवाखान्यापुढच्या एकाच्या डोक्यावर निळ्या पेनाची रेघ होती, अर्धा इंचसुद्धा नव्हती. जाळून टाकायचं त्यांच्यानं झालं नव्हतं. का, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

"लिवून घ्या, बाई," गोदावरी म्हणाली. "ते काय म्हनत्यात ते समदं लिवून घ्या. सही ते करतील."

त्यांनी केली.

५

दुपारी पोलिसांची गाडी आली आणि नानासोंना घेऊन गेली. गाव ओढ्याकाठी जमलं होतं. गेल्या पंधरवड्यात ज्यांनी माळावर दगड भिरकावले होते, ते पाय बघत उभे होते. पुढं खटला उभा राहिला, सांगलीला तारखा पडत राहिल्या, सरपंचपद गेलं. एक रेघ मारल्याला कायद्यात नेमकं काय म्हणायचं, यावर वकील वर्षभर भांडले.

आम्रपालीला त्याच दिवशी आणखी एक काम होतं. बॅटरी बदलायला आणली होती. ती वर गेली तेव्हा प्रशांत आधीच तिथं पोचला होता. ओसरीच्या खाली, मातीत बसला होता. लीलाबाई दारात उभी.

"माफी मागायला तोंड नाही," तो म्हणत होता. "पण मागायला आलोय."

"पोरगी कशी हाय?" लीलाबाईनं विचारलं.

"बरी आहे. दूध पिते."

"वर बसा. मातीत नगा बसू."

तो वर बसला. तिनं पाणी दिलं, तो प्यायला. थोड्या वेळानं तो उठून पलूसच्या एसटीसाठी खाली उतरला.

आम्रपालीनं बॅटरी जोडली, रिसीव्हर कानाला लावला. डायल टोन आला. तिनं दवाखान्याचा नंबर लावून बघितला. दुसऱ्या घंटीला उचलला. मीटर एकानं पुढं सरकला असणार.

"फोन न्या हितनं," लीलाबाई मागून म्हणाली. "मला नगं आता. घंटी माझ्या कानातनं जात न्हाई. झोपले तरी वाजती."

"मावशी, खाली कुठंच पकडत नाही. तुमच्याकडून काढला तर गावाला फोनच उरणार नाही."

"मंग न उरू दे. फोन न्हवता तवा मानसं आपल्या पायानं पळत हुती. मी फोनच्या भरवशावर हितं बसले. कुनी गाडीबैल जुंपलं असतं वेळंवर, तर..." तिनं वाक्य पुरं केलं नाही.

आम्रपाली बोर्डावर बसलेली असती तर तिनं काय काय केलं असतं, हे ती गेले चार दिवस स्वतःला सांगत होती. तेही खरं होतं आणि बोर्ड आता परत येणार नव्हता, हेही खरं. पिशवी उचलून ती निघाली, तेव्हा चढणीवर तिला गोदावरी दिसली. पदर डोक्यावरून घेतलेला, एकटी, दर दहा पावलांवर थांबत ती वर येत होती. ओसरीशी येऊन तिनं श्वास घेतला. वर बसायला तिला कुणी सांगितलं नाही, तीच बसली.

"लीला," ती म्हणाली, "मला आकडं शिकव."

"तुमास्नी आकडं येत न्हाईत?" लीलाबाईनं विचारलं.

"मला काय येतंय वाटतंय तुला?" गोदावरी म्हणाली. "सरपंचाची बायको म्हनून कुनी विचारलंच न्हाई, तुला येतं का. तितं लिवल्यालं हुतं. माझ्या डोळ्यापुढं हुतं. बाळंतपनाला आल्यावर मयूनं दोनशे चौदा पाठ करून घेतलं हुतं माझ्याकडनं, तोंडानं. मला आकडं वळखू आलं असतं तर मी म्हनले असते, लीला, हे काईतरी चुकल्यालं हाय."

वारा माळावरून सरळ येत होता. खांबाला ताणून धरणाऱ्या तारा गुणगुणत होत्या. लीलाबाई आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात चुलीतला एक कोळसा होता. ती गोदावरीपासून हातभर अंतर ठेवून बसली, फरशीवर एक उभी रेघ ओढली आणि म्हणाली, "ह्यो एक."

गोदावरीनं कोळसा घेतला. पहिली रेघ वाकडी आली. तिनं तळव्यानं पुसली आणि पुन्हा काढली.